उधाणाची तिथी

टूसॉनमध्ये रात्रीचे साडेनऊ. डेल्फिनाच्या स्वयंपाकघरात
फरशीभर दोर मोकळा सोडलाय, साठ मीटर.
तो हातातून पुढे सरकवत
कुठे मऊ पडलाय का ते ती बोटांनी चाचपते.
बत्तीस मीटरच्या आसपास थांबते. पुन्हा मागे जाते.
"काही नाही," म्हणते, आणि तिथे एक निळी पट्टी चिकटवते.
काही नसताना कोण पट्टी लावतं!

मी यादी करतेय.
पाणी सोळा गॅलन. हार्नेस दोन, हेल्मेटं दोन,
तिसरं रामिरोचं, आलाच तो तर.
वाळूत रोवायच्या रुंद खुंट्या (साध्या नकोत, मागच्या वेळी उपटल्या).
लिंबं. स्टोव्हचा वायसर. डबा उघडायची चावी.
गाडीचा मेक्सिकोतला विमा,
माझा पासपोर्ट, आणि पासपोर्टातला तो व्हिसा
ज्याची मुदत फेब्रुवारीत संपली.
वकीलबाई म्हणाली, तीस दिवसांच्या आत परतलीस तर चालतं.
त्या "चालतं"वर मी दोनदा वजन टाकून पाहिलं,
अनोळखी खोबणीत बोटं घालून पाहावं तसं.
हललं नाही. पण आवाज पोकळ आला.

नकाशावर कडा थेट पाण्यातून उठतो.
पायथ्याशी वाळूची एक चिंचोळी पट्टी,
तिच्यावर डेल्फिनाने पेनाने तंबू काढलाय:
सकाळी झिप उघडली की पाच पावलांवर पहिली चढाई.
मी पट्टीची रुंदी नखाने मोजली.
एक नख.

का कोण जाणे, आबांना फोन लावला.

देवगडला सकाळचे दहा. मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं.
तेहेतीस वर्षं तांडेल होते,
मला एकदाही होडीत पाय ठेवू दिला नाही;
मुलीच्या जातीनं समुद्र काठावरून बघायचा.
मी कडे चढते हे त्यांना कळलं ते कुणीतरी दाखवलेल्या फोटोतून.
तेव्हा एवढंच म्हणाले, दोर माझाच निघाला हिच्यात.
कौतुक होतं की तक्रार, मी अजून ठरवलेलं नाही.

तारखा सांगितल्या. कॅलेंडरचं पान फडफडलं.
"गुरवारी बारस. आयतवारी पुनव.
बारशीची पाऊणपट नऊ, आमच्याकडे भरती नवाक.
तुमचा बंदर माका ठावक नाय, वेळ तुमी बघा.
पण उधाण थंयसर पण ह्याच.
पाणी रोज चढतला.
गुरवारची वली रेघ शनवारी खोटी."

मी उतरवून घेतलं, यादीच्या समासात, तिरकं.
तंबू किती वर मारू?
"सुकी शेवाळ खंय पडली हा ती बघ.
तिच्या वर पंदरा पावला. तुझी न्हय, माझी."

मग जरा थांबून:
"आणि माघारी येवक गावतला मा?"
चालतं म्हणालेत, मी म्हणाले.
ते काही बोलले नाहीत.
बर्फाचा आवाजही थांबला होता.

डेल्फिना दोराची वेटोळी खांद्यावर घेत होती.
"काय म्हणाले?"
उधाणाला काय म्हणायचं, बारशीला काय, पाऊणपट कशी समजावायची?
"पंधरा ढांगा वर," मी सांगितलं, "उंच माणसाच्या."
तिने नकाशावरचा तंबू खोडला
आणि कड्याला पाठ टेकवून दुसरा काढला.
तिथे वाळू नाही, नुसते धोंडे.
रात्रभर टोचणार, ती म्हणाली.
टोचू देत.

डबा उघडायच्या चावीखाली जागा होती, तिथे लिहिलं:
शनिवारी रेघ पुन्हा बघणे.