भेरूलालची झोप

नवी तुकडी आली की पहिला आठवडा
मी काहीच शिकवत नाही.
लॅपटॉप मिटायला लावते
आणि एकेकाला रात्री खाली धाडते,
खंडवा रोडकडच्या फाटकावर,
भेरूलालच्या स्टुलाशेजारी.

यंदा पहिली पाळी फरहीनची.
खजराण्याची मुलगी, गणितात तिखट.
तोंडावर म्हणाली, मॅडम,
चौकीदाराकडून काय टिपून आणू?
म्हटलं, तो कशाकशाला उठत नाही, ते.

तिच्या वहीतलं, जसंच्या तसं:
अकरा दहा. मेसचा पोरगा सायकल ढकलत गेला. उठला नाही.
साडेअकरा. ट्रकचा हॉर्न. नाही.
बारा. कुत्री भांडली. मान हलली असावी, नक्की नाही.
एक वाजून चार. सर्व्हरच्या खोलीतला एसी धाडकन सुरू.
मी दचकले. तो नाही.
एक चाळीस. चपला. अगदी हलक्या,
डावा पाय किंचित ओढत.
डोळे उघडण्याआधी त्याचा हात काठीवर.
ओजसच होता. बॅडमिंटनमध्ये पाय मुरगळलेला.

वरच्या मजल्यावर आमचं यंत्र
हेच काम करतं, रात्रभर घरघरत.
सेकंदाला हजार वेळा विचारतं,
आलं का कुणी? आलं का? आलं?
त्याच्या गरम उच्छ्वासाने
खिडकीबाहेरच्या कडुनिंबाची एक फांदी
दोन वर्षं पालवलेली नाही.
आणि कवटीतलं हे ओलं गाठोडं
न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्याएवढ्या विजेवर
आईचा आवाज, जिन्याची तुटकी पायरी,
सगळं सांभाळतं.

सोमवारी फळ्यावर एकच शब्द लिहिला: उंबरठा.
थेंबथेंब साठू द्यायचं, थोडं झिरपूही द्यायचं,
काठ ओलांडला तरच एक ठिणगी.
मग पुन्हा गप्प.
गप्प बसायला वीज लागत नाही, मी म्हटलं.
जवळजवळ लागत नाही, ओजस म्हणाला, गळती असतेच.
बरोबर होतं त्याचं.

फरहीनची चिप नखाएवढी.
आधी पालीला उठायची, पंख्याला उठायची,
टेबलावर कप ठेवला तरी उठायची.
उंबरठा उंच केला,
तर दार आपटलं तरी ढिम्म.
रडवेली होऊन फाटकावर जाऊन बसली, तेव्हा भेरूलाल म्हणाला,
"शुरू में तो मैं भी पत्ता गिरे तो उठ जाता था, बेटा.
छह महीने लगे."
तिला सात लागले.

दिल्लीहून तपासणीला मंडळी येणार होती.
मी स्लाइड केली होती, माझी लाडकी:
स्टुलावर भेरूलाल, खाली ओळ,
कमीत कमी खर्चात, रात्रभर.
तालमीत फरहीनने हात वर केला
आणि वहीचं शेवटचं पान काढलं,
जे मी वाचलंच नव्हतं.

अडीच. डबा उघडला. मक्याच्या तीन रोट्या, लसणाची चटणी.
अर्धी मला दिली.
म्हणाला, पोट रिकामं असलं की खरी झोप लागते,
मग चोर आला तरी कळत नाही.
दिवसा पालद्याच्या गोदामात दुसरी पाळी.
इथला पगार दोन महिने थकलेला.

मॅडम, ती म्हणाली,
मेंदूलाही वीस वॅट लागतातच.
त्याच्याखाली काटकसर नसते.

खोलीत चौघं होतो. एसी बंद होता.
कडुनिंबाची ती फांदी मला पहिल्यांदा
अगदी जवळून दिसली.

स्लाइड काढली.
चिप उत्तम चालली, घड्याळाच्या बटणभर सेलवर,
मंडळींनी टाळ्या वाजवल्या, पोहे खाल्ले, गेली.
फाटकातून जाताना
भेरूलाल कुणालाच उठला नाही.

त्याच्या पगाराचं पत्र मी वर पाठवलंय.
कुठल्याशा टेबलावर साठतंय,
काठ अजून दूर असावा.
दुसरंही टाकलं.
तिसरं फरहीन लिहिते आहे,
आणि ओजस म्हणतो,
जरा भराभर टाका मॅडम,
मधल्या वेळात गळती होते.