मुंढा

नवरात्र संपलं त्या आठवड्यात
उजवा हात पाठीमागे जाईना.
बावन्न चोळ्या शिवल्या होत्या, आरसे लावून.
रात्री मैदानावरच्या टाळ्या ऐकू येत
आणि मला कुशीवर वळता येत नसे.

बायकांना हूक लावून दाखवण्यात जन्म गेला.
स्वतःचा शेवटचा हूक
आता अवनीला हाक मारून.
हाक मारण्याआधी दाराशी जरा उभी राहते सासू.
ते दुखणं वेगळं.

दांडिया बाजार, बँकेच्या वर, दुसरा मजला.
लिफ्ट नाही.
आम्हा खांदेवाल्यांचं निभतं,
गुडघेवाले येतात ते जिन्याला शिव्या देतच.

जिगीषा नावाची मुलगी, माझ्या धाकटीएवढी.
तिने टेप नाही काढली, प्लास्टिकचा कोनमापक काढला.
"काकी, नेवुं पण नाही."
नव्वद काय? इंच?
अंश.
चाळीस वर्षं खांदे मोजतेय मी.
साडेतेरा, चौदा, पावणेपंधरा,
मुंढा साडेसात, उतार पाऊण.
किती रुंद ते वहीत लिहिलं सगळ्यांचं.
किती वर जातो, ते कधी विचारलं नाही.

मला वाटलेलं, मशीन लावतील,
डोळे मिटून पडायचं, बरं होऊन उठायचं.
मशीन होतं. दहा मिनिटं मुंग्या.
मग म्हणाली, आता तुमचं काम.

काम म्हणजे भिंत.
भिंतीला तोंड करून बोटांनी चढायचं,
तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं,
कच्ची शिवण घालावी तसं.
हात अडेल तिथे पेन्सिलची रेघ, शेजारी तारीख.
ती मोजते, एक, बे, त्रण
आणि त्रणवर मी म्हणते, आई गं.
"हां काकी. आई गंपर्यंत जायचं.
आई गंच्या पुढे नाही."

घरी रेघा निळ्या खडूच्या, कापडावर मारतो त्या.
चार नोव्हेंबर. अकरा, चार बोटं वर.
अठरा, खाली.
लग्नाचे नऊ ब्लाउज घेतले होते मधे
आणि बोलले नव्हते कुणाला.
भिंतीने चुगली केली.

जिगीषा रागावली नाही.
विचारलं, शिवायला बसता ते स्टूल किती उंच?
हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.
एक उशी वाढवली. बस.
एवढ्याशा उशीसाठी एवढी वर्षं.

दर वीस मिनिटांनी मोबाइल वाजतो, मी उठते,
खिडकीत उभी राहून खांदे मागे फिरवते.
समोरचा पानवाला नक्कल करायचा.
परवा पाहिलं, गिऱ्हाईक नव्हतं
तरी फिरवत होता.

काल शाळेतल्या एक बाई आल्या मापाला.
डावा खांदा अर्धा इंच खाली.
असे कितीतरी पाहिलेत,
गुपचूप तेवढं कापड कमी करायचं,
बाई आरशात सरळ दिसतात, खूष होतात.
काल टेप हातातच राहिली.
म्हटलं, पर्स याच खांद्यावर ना? रात्री झोप लागते?
त्या बघत राहिल्या,
मग पदर सावरून स्टुलावर बसल्या, माझ्या उशीवर,
आणि माप राहूनच गेलं.

फेब्रुवारी लागला. रेघ खिडकीच्या चौकटीवर गेली.
माळ्यावरचा डबा अजून लांब आहे,
जिगीषा म्हणते, तो कदाचित स्टुलावर चढूनच.
चालेल.
आज सकाळी आरशाकडे पाठ करून
पहिला लागला, दुसरा लागला,
मधले दोन लागले आई गंच्या अलीकडे,
शेवटचाही लागला,
एक घर चुकून.

मी, जिच्याकडे बायका फिटिंगला येतात,
ते तसंच तिरकं
दिवसभर घालून बसले.