पिशवीची मागची बाजू

माझं काम पिशव्यांची तोंडं पुढं करायचं.
सोहारच्या मॉलमध्ये, गल्ली चौदा,
दुपारी दोन ते रात्री बारा.
मांजराचा हसरा फोटो गिऱ्हाइकाकडं,
आकडे भिंतीकडं.
थॉमाचन सुपरवायझर रोज येऊन बोटानं सरळ रेघ तपासतो.

काल साडेअकराला एक बलुची बाई आली,
बरोबर नऊ-दहा वर्षांची पोर. दुर्दाना, दुर्दाना, हात लावू नको.
पोरीच्या ओढणीत काहीतरी हलत होतं.
दारावरच्या गार्डला दिसलं नव्हतं,
किंवा दिसलं असेल.
गाडीच्या इंजिनाखाली सापडलं म्हणे, आई येईना,
दोन दिवस वाट पाहिली.
बाईनं तोडक्या हिंदीत विचारलं,
यातलं चांगलं कुठलं?

अकरा वर्षं मी इस्लामपूरजवळ
कोंबडीखाद्याच्या मिलमध्ये लॅबला होतो.
नायट्रोजन मोजायचा, सव्वासहानं गुणायचं,
येईल त्याला प्रोटीन म्हणायचं.
ॲसिडात पिसं उकळली तरी आकडा येतो.
चामड्याचाही येतो.
मालक दारातूनच विचारायचा,
आकडा येतोय ना, बाबर?
यायचा.

हे सगळं काही मी बाईला सांगितलं नाही.
मी पिशवी उलटी केली.

एक रियाल नऊशे बैसा. प्रोटीन चौतीस.
पण नावं वाचा, म्हटलं, वजनाच्या क्रमानं असतात:
मका, सोया, ग्लुटेन,
आणि पार तळाला, रंगाच्या जरा वर,
कोंबडीचं काहीतरी.

दुसरी, सोनेरी, सव्वाचार रियाल. चिकन पहिलं.
त्याच्यामागं मका, मक्याचा भरडा, मक्याचं ग्लुटेन.
एका मक्याची तीन भावांत वाटणी केली,
म्हणून चिकन थोरलं दिसतंय.
त्यात तेही ओलं असताना तोललेलं.
पाणी उडालं की जाईल खाली.
बाई हसली. वाटणी तिला कळली.

तिसरी, तीन रियाल चारशे. फोटो फिका, कोपरा दबलेला.
चिकनचं सुकं मांस, मग तांदूळ, मग मासा.
शंभरातून मी बोटांवर वजा केलं:
प्रोटीन, चरबी, चोथा, राख, ओल,
उरला तो पिठूळपणा, तिसाच्या आत.
'वाढत्या पिल्लांसाठी' असं लिहिलेलं.
आणि टॉरिन होतं.

टॉरिनला हिंदीत काय म्हणतात मला माहीत नाही.
मराठीतही माहीत नाही.
मांजराच्या अंगात ते पुरेसं तयार होत नाही,
खाण्यातून आलं नाही तर हळूहळू नजर जाते,
काळीज ढिलं पडतं.
हे कसं सांगायचं?
मी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला.
पोरीनं लगेच पिल्लाच्या डोळ्यांवर ठेवला,
दोन बोटं पुरली.

कोमट पाण्यात भिजवून द्या, म्हटलं,
दिवसातून चार वेळा, थोडं थोडं.
पाण्याची वाटी वेगळी, लांब.
उन्हाळाय.
बाईनं पाकीट उघडलं, नोटा मोजल्या,
एकदा एक रियाल नऊशेकडं बघितलं,
मग तिसरी उचलली.

पोर जाताना माझ्याकडं बघून
उगाच डोळ्यांवर हात ठेवून गेली.

बाराला गल्ली झाडताना
खालच्या फळीवर एक पिशवी फाटलेली सापडली.
सोनेरी. चार दाणे फरशीवर.
थॉमाचन लांबून ओरडला, बाबर, तोंडं सरळ कर,
दोन पिशव्या पाठमोऱ्या दिसतायत.
करतो, म्हटलं.

मिलमध्ये सवय होती, मशीनच्या आधी जीभ.
एक दाणा पुसला, दाढेखाली धरला.
कुरकुरीत. वरून तुपट काहीतरी फवारलेलं.
आत मका.
मीठ जरा जास्त.