मानस

अकरा मिनिटं लागायची.
तेवढ्यात रायबंदरच्या धक्क्यावरून
एक फेरीबोट जायची, दुसरी यायची,
चहा साय धरून बसायचा,
आणि पडद्यावर माझा लूप,
खानेसुमारीत अडकलेला कारकून:
रिकामी यादी घे. आय शून्य. ओळ उचल.
मीठ बघ. सातच्या आत?
मग आजवरची अख्खी यादी नव्या कागदावर उतरव,
खाली ही एक ओळ जोड.
आय एकाने वाढव. पुन्हा ओळ उचल.

चोडणच्या खाजनाची सात वर्षं.
दर दीड तासाला एक नोंद.
एकेचाळीस हजार ओळी.

सेन्सर बंद पडला म्हणून बांधावर गेले.
बोस्त्यांव मानशीच्या फळीवर बसून
बिजागरीला खोबरेल पाजत होता.
ओहोटी लागली होती.
कुणी हात न लावता दार हललं,
शेतातलं पाणी त्याला ढकलत
नदीकडे निघालं.
कधी उघडायचं, कोण ठरवतं?
"कोण ना गो. आपशींच उगडटा.
भरती आयली की आपशींच धांपता."

वरून टांगलेलं लाकूड, बस्स.
अट एकदाच सांगितलेली,
पणजोबाच्या काळातल्या कुणा सुताराने.

परतताना फेरीत, स्कूटरींच्या मधे,
गुडघ्यावर लॅपटॉप.
नऊ ओळी खोडल्या.
लिहिलं एवढंच:
नोंदींतल्या त्या, ज्यांचं मीठ सातच्या आत.
ना आय, ना रिकामी यादी,
ना पुढे हो, ना थांब.
बोटीची झडप वर उचलेपर्यंत
उत्तर आलं होतं.

माहीत आहे मला,
आत कुठेतरी कुणीतरी मोजतंच.
ओळ उचलली जातेच, मी बघत नाही इतकंच;
अवसेच्या भरतीला
बांधावरून फिरणारी बोस्त्यांवची बॅटरी
पणजीतून कुठे दिसते?

आणि न निवडलेल्या?
त्या वाहून गेल्या नाहीत.
मूळ यादी जागची हललेली नाही.
तिसऱ्या वर्षातली ती रात्र अजून तिथेच:
मीठ एकोणीस. एकोणीस. बावीस.
फळी फुटली होती म्हणे,
छातीभर पाण्यात उभा राहून त्याने
चिखलाच्या पाट्या लावल्या,
तरी कोरगूटसुद्धा जळलं.

मी विचारलंच नव्हतं कधी.

रात्री, घरचे झोपल्यावर,
ओळ तीच ठेवली,
अट तेवढी उलटी केली.
पाणी भसाभस आत आलं.