नोंदवहीत नाव नसलेला

सौनाच्या छपरावर, दक्षिणेला,
दीडेक वीत वर,
काहीच नसलेल्या जागी
एकदा लकाकलं.

ओठांत आकडे आपोआप सुरू झाले.
हीउमा बेटावरची पोरं
पाढ्यांच्या आधी दीपगृहांचे ठेके शिकतात:
हा कुठला, तो कुठला, कुठे खडक.
हा कुठलाच नव्हता.

शाळेच्या शर्यतींचं स्टॉपवॉच आणलं.
तीस वर्षं त्यानं पोरांचे पाय मोजले.
त्रेचाळीस सेकंद. पुन्हा त्रेचाळीस, आणि वर इवलंसं.
बारा वेळा.
मग फिकट होत होत नाहीच.
कुंभेतले तारे पश्चिमेला सरकत राहिले,
तो मात्र जागचा हलला नव्हता,
उंबऱ्यात येऊन
आत यावं की नाही, ठरत नसल्यासारखा.

काल्यो म्हणाला, विमान असेल.
मग म्हणाला, रशियाचं असेल.
वर दिसेल त्याला
त्याच्याकडे ही दोनच उत्तरं.
यादीत मला दोघे सापडले जवळपासचे.
एकाचाही ठेका जुळेना.
वहीत लिहिलं: अनोळखी.

आम्ही लहान होतो तेव्हा
शिपाई रोज संध्याकाळी किनाऱ्याची वाळू विंचरत.
सकाळी तिच्यावर पाऊल उमटलेलं दिसलं
की कुणीतरी समुद्रापार गेलं.
बाबांची दुर्बीण बटाट्यांच्या ढिगाखाली असे.
अंधारात काही चमकलं
तर त्याचा अर्थ असायचा,
आणि अर्थाला शिक्षा.

याला अर्थ नाही.
कुणाचं तरी मेलेलं यंत्र गडगडतंय,
एक गुळगुळीत बाजू सूर्याला लागते, सुटते.
कुणी कुणाला काही सांगत नाहीये.
हे कळूनही
मी पाच रात्री ओल्या गवतात उभी राहिले,
पायांत दोन-दोन मोजे.

पाचव्या रात्री: त्रेचाळीस पूर्णांक चार.
थकतोय, असं लिहिणार होते.
आकडाच लिहिला.

मग आठ दिवस ढग.
उघाडलं तेव्हा काल्यो आला,
फ्लाउंडरची बादली हातात, टोपी काखेत,
देवळात आल्यासारखा.
कुठे बघू, हेल्वे?
मी बोट दाखवलं. तिथे काही नव्हतं.
तो मोठ्यानं मोजू लागला,
एकोणतीस दोनदा म्हणाला.

छत्तिसाला
बादलीत माशानं शेपूट आपटलं.

माझा अंगठा बटणावरच होता.
दाबला गेला.