पुकारा

मागच्या तारखेला मी कोर्टातच होतो.
व्हरांड्यातल्या दुसऱ्या बाकावर, पाण्याच्या टाकीशेजारी,
डबा मांडीवर, फाईल डब्याखाली.
बेलीफनं तीनदा नाव घेतलं म्हणे:
मल्लेशम राजय्या कोंगारी, हाजिर है?
मी समोरच्या लिंबावरचा कावळा बघत होतो.
कागदावर आलं,
अर्जदार पुकारा करूनही गैरहजर.
अर्ज फेटाळला.

साहेब, मी गैरहजर नव्हतो.
बहिरा होतो.
दावा त्याचाच आहे.

अक्कलकोट रोडला एकोणतीस वर्षं टॉवेलचे माग चालवले.
आधी घरातली कुकरची शिट्टी गेली,
मग रिक्षांचे हॉर्न,
मग लेकीचं 'नान्ना',
तिचे ओठ तेवढे दिसायचे.
मागाचं मात्र काही गेलं नाही.
लाकडी पट्टीवर तळवा ठेवायचा,
धोटा अडखळणार असेल तर आधी मनगटाला कळतं.
नवी पोरं कान देऊन ऐकायची, मी हात देऊन.
माझ्याकडं सूत कमी तुटतं
हे मुकादमच सांगायचा,
दिवाळीला, बोनस वाटून झाल्यावर.

मग मालकाच्या पोरानं आगीचा भोंगा आणला.
वाजवून बघितला. सगळे पळाले,
मी आत कांडी बदलत राहिलो.
दुसऱ्या दिवशी चिठ्ठी: सुरक्षिततेच्या कारणास्तव.
म्हटलं, शेजारी एक लाल दिवा लावा की.
दीडशे रुपयांचा येतो.
मी आणतो, मंगळवार पेठेतून.

सिव्हिलमध्ये काचेच्या खोलीत बसवलं,
कानांना डबडी लावली.
आवाज आला की बटण दाबा.
अंगठा तयार ठेवून बसलो बराच वेळ.
एकदा तर उगाचच दाबलं,
बाईंना बरं वाटावं म्हणून.

कंपनीचे वकील म्हणतात, बहिरेपण फार, कामाला धोका.
भरपाईच्या पानावर तेच म्हणतात,
एवढं बहिरेपण नाहीच.
हे मला पोरीनं लिहून दाखवलं.
वकील बोलताना तोंडापुढं कागद धरतात.

आज अर्ज पुन्हा बोर्डावर आहे.
बेलीफ काझी सकाळीच येऊन गेले,
माझ्या शर्टाचा रंग बघितला, बाक बघितला,
काही बोलले नाहीत,
किंवा बोलले असतील.

साडेबाराच्या सुमाराला बाक हलला.
लाकडातून मांडीत आलं, मांडीतून मणक्यात.
एक थाप.
दुसरी.
तिसरीच्या आधी मी उभा होतो.
डबा खाली पडला, झाकण गडगडत टाकीपर्यंत गेलं.
मोठा आवाज झाला असणार,
सगळे वळून बघत होते.