लीकचं सूप

खाण बंद पडली त्या वर्षी
आमच्या गावच्या पुरुषांनी जमिनीच्या पोटात शिरणं सोडलं
आणि तिच्या पाठीवर ओणवे होऊन
लीक लावू लागले.
कांद्याच्या कुळातलं, गोरंपान,
मनगटाहून जाड होईस्तोवर लाडावलेलं.

दर सप्टेंबरात क्लबात प्रदर्शन,
आणि दुसऱ्या दिवशी सगळे लीक माझ्या पातेल्यात.
सव्वाशे माणसांचं सूप.
चौतीस वर्षं पळी माझ्याच हातात.

यंदा वान्सबेकला पूर आला, काठचे उंदीर वर सरकले.
अकरा नंबरच्या शेडखाली बीळ निघालं,
पोत्याच्या चिंध्यांत गुलाबी पिल्लं.
कौन्सिलची बाई आली, पाय झिजवत सगळे वाफे फिरली:
लेंड्या झाडू नका, धूळ नाकात जाते,
आधी भिजवा, मग पुसा, हातमोजे घाला.
सॅलडची पानं गेली असं समजा.
घेवडा उंच वेलावर आहे, धुवा, शिजवा, खा.
पण दात लागलेलं कापून वाचवू नका,
सगळंच टाका.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
कथबर्टनं तर दोनदा.

कथबर्टला पहिला नंबर मिळाला.
तीन लीक, निळ्या कापडावर, एकाच कुशीवर झोपलेले.
परीक्षकानं मोजपट्टी लावली, उलटून पाहिलं नाही.
उंदराला मांजर साक्ष.

दोन चिरून पातेल्यात गेले होते.
तिसरा मी उभा फाडला, नळाखाली धरला,
बोटांनी पापुद्रे उलगडले.
बाहेरून मातीनं लिंपलेली खाच,
आत, दुसऱ्या पापुद्र्यात,
तांदळाएवढे काळे दाणे. तीन.

"उकळल्यावर काय उरतं, ईना?"
तो दारात होता. कधीचा, कोण जाणे.
बाहेर थोराची नात
रिकाम्या वाडग्यात चमचा वाजवत होती.

मी गॅस बंद केला.
पातेलं दोघांनी धरून मागच्या दारी नेलं,
तो एका कानाला, मी दुसऱ्या.
जाड काळ्या पिशव्यांत ओतलं, पिशवीत पिशवी घालून.
खतात नाही. खतातच तर ते परत येतात.

लोकांनी डब्यातलं टोमॅटो सूप प्यायलं.
कुणी विचारलं, कुणी नाही.
रिडलीनं पावाचा तुकडा बुडवून
माझ्याकडे नुसतं पाहिलं.

ब्लीचच्या वासात आम्ही बेसिन घासत होतो,
विळी, फळी, नळाची चकती.
कथबर्ट म्हणाला, "कप परत द्यावा लागेल?"

"आधी हात धू," मी म्हणाले.

त्यानं बाह्या सरकवल्या.
पाळी संपवून वर आल्यावर धुवायचे तसे धुतले,
कोपरापर्यंत, नखांत, कानांच्या मागेसुद्धा,
जिथं आता
कोळसा नव्हता.